आवाजाची नर्व्ह

३ फेब्रुवारी, सोमवार

हिच्या गळ्यातली गाठ काढावी लागणार. उजवीकडची. तारीख अठरा.

सर्जन बाईंनी कागदावर मान काढून दाखवली. मला गरज नव्हती, हिला होती. गळ्यासमोरची ग्रंथी, फुलपाखरासारखी. तिचा उजवा पंख काढायचा. गाठ वाईट दिसत नाही, पण ठेवण्यातही अर्थ नाही, म्हणाल्या. मग पेनाने एक बारीक रेघ ओढली — ही आवाजाची नर्व्ह. ग्रंथीच्या पाठीला चिकटून वर जाते. तिला धक्का लागला तर आवाज जातो. शंभरात एखाद्याचा.

"जातो म्हणजे घोगरा होतो का?" हिने विचारलं.

"घोगरा. किंवा नुसती हवा."

"मग बसगाड्या कोण सोडणार?"

बाईंना कळेना. मी सांगितलं — ही बसस्थानकावर उद्घोषणा करते, एकवीस वर्षं झाली. "म्हणजे तो आवाज तुमचा?" बाई पेन ठेवून हिच्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही मामा ना? डिसेक्शन हॉलचे? अहो, तुमच्याच टेबलावर शिकले मी."

हिला म्हणाल्या, "ह्यांनी तयार केलेली मान बघून ही नर्व्ह पाठ केली आहे मी. डोळे झाकून सापडेल."

येताना रिक्षात ही म्हणाली, "चला, तुमचं काम एकदा तरी घरी उपयोगाला आलं."

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी नेहमीप्रमाणे हॉल उघडला, चादरी काढल्या, प्रत्येक टेबलापाशी हात जोडले. पोरं येण्याआधी उरकतो. पूर्वी एकदोघांनी पाहिलं तेव्हा हसले होते. ज्यांनी देह दिला त्यांना नमस्कार आणि ज्याने घडवला त्याला नमस्कार — दोन वेगळे करायला मला जमत नाही, एकच करतो.

दहा वाजता विभागप्रमुख सरांनी बोलावलं. पंधरा तारखेला सभागृहात वादसभा. विषय, शरीराची गुंतागुंत कुणी योजून केली की होत होत झाली. सर एका बाजूने. दुसऱ्या बाजूने ते निवृत्त इंजिनिअर साहेब, पूल बांधायचे ते. पेपरात पत्रं लिहितात.

"मामा, मला डावी बाजू हवी. मान आणि छाती एकत्र. आवाजाची नर्व्ह सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोकळी करून द्या. तुमच्या देवाचं वायरिंग लोकांना दाखवायचंय."

उत्तर जिन्यात सुचलं. तोवर सर लांब गेले होते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दिवसभर तेच काम. पाठ धरली.

ही नर्व्ह निघते मेंदूखालून. पोचायचं आहे स्वरयंत्रात, म्हणजे चार बोटं खाली. पण ती तिथे थांबत नाही. स्वरयंत्राला ओलांडून छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीखालून वळसा घेते आणि पुन्हा तेवढीच वर चढून येते. उजवीकडे वळसा लहान, गळ्याच्या तळाशीच. डावीकडे थेट छातीत. सर म्हणतात, कारण सोपं आहे. माशाला मान नसते, तिथे हा रस्ता सरळच होता. मग मान लांबली, हृदय खाली सरकलं, नर्व्ह धमनीत अडकून खेचली गेली. निसर्गाला कोरं पान मिळत नाही, जुन्यावरच गिरवत जावं लागतं. जिराफात तर हा वळसा पंधरा फुटांचा, काम वीतभर अंतराचं.

पंचवीस वर्षं ही नर्व्ह मी मोकळी करतोय आणि दर वेळी वाटतं, असं कशाला? पण "असं कशाला" हे मी देवाला इतक्या बाबतींत विचारतो की त्यात एक जास्त.

धमनीपाशी एक फाटा भलतीकडेच जात होता. कापला. एक गुंता होता, तो सोडवून नर्व्ह ठसठशीत दिसेल अशी पिनांनी ताणून बसवली. हे आमच्या हॉलचं वळण आहे. मला काम शिकवणारे उस्ताद म्हणायचे, "चार्टला जुळव." भिंतीवरच्या चार्टमध्ये जसं आहे तसं टेबलावर दिसलं पाहिजे, नाहीतर पोरं परीक्षेत गोंधळतात. दहावी झालेला खेड्यातला पोरगा होतो मी. इंग्रजी नावं चार्ट बघून पाठ केली, तसंच शरीरही.

८ फेब्रुवारी, शनिवार

इंजिनिअर साहेब नमुना बघायला आले. सरांनीच परवानगी दिली होती. आत येण्याआधी चपला काढल्या, हे मला आवडलं. हॉलमध्ये कुणी काढत नाही.

बराच वेळ वाकून पाहिलं. मग हळूच विचारलं, "तुम्हाला काय वाटतं? तुम्ही रोज बघता."

मी म्हटलं, मी फक्त साफ करतो.

"पूल बघणाऱ्यालासुद्धा कळतं की पूल कुणीतरी बांधलाय. हा वळसा बिनकामाचा आहे असं म्हणणाऱ्याने वाटेतले फाटे पाहिलेत का? एक हृदयाकडे जातो, एक श्वासनलिकेकडे, एक अन्ननलिकेकडे. कारण आपल्याला ठाऊक नाही म्हणजे कारण नाही असं कसं?"

फाटे ऐकल्यावर मी ट्रेकडे बघितलं नाही. गुरुवारी कापलेला एक बादलीत गेला होता.

९ फेब्रुवारी, रविवार

जेवताना मुलीने विषय काढला. ती हिशेब तपासणीच्या परीक्षेची तयारी करते, पण मत प्रत्येक गोष्टीवर आहे.

"बाबा, तुम्ही कुणाच्या बाजूचे?"

"मी ट्रे आणण्याच्या बाजूचा."

"असं नाही चालणार. देवाने केलं की आपोआप झालं?"

ही आतून ओरडली, "स्वयंपाक आपोआप झाला असं म्हणेल त्याला आज वाढणार नाही." मग तिच्या कामावरच्या आवाजात, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. भात फलाट क्रमांक दोनवर लागत आहे." मुलगी हसून हसून ठसकली.

मी हसलो नाही. तो आवाज कानात साठवून ठेवत होतो. वेड्यासारखं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बसस्थानकावर गेलो, काम नसताना. बाकावर बसून अकरा गाड्या ऐकल्या. तिला सांगितलं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सभागृह भरलं होतं. मी ट्रे टेबलावर ठेवून मागे भिंतीला उभा राहिलो.

इंजिनिअर साहेबांनी सुरुवात चांगली केली. "मी आयुष्यभर पूल बांधले. एकही आपोआप झाला नाही."

सर म्हणाले, "पुलांना पिल्लं होत नाहीत. झाली असती तर दरवर्षी थोडे वेगळे पूल निपजले असते, कच्चे वाहून गेले असते, आणि हजारो वर्षांनी तुमची नोकरी गेली असती." पोरांनी बाकं वाजवली. साहेबही हसले, मनापासून.

मग साहेबांनी स्वरयंत्र घेतलं. इवल्याशा कूर्चा, डझनभर स्नायू, दोन पडदे, एक नर्व्ह. "यातलं एक काढा, आवाज संपला. मग हे एकेक करून जमलं कसं? अर्ध्या आवाजाचा उपयोग काय?"

सर म्हणाले, "अर्धा आवाज म्हणजे खोकला. त्याआधी ते नुसतं झाकण होतं, अन्न फुप्फुसात जाऊ नये म्हणून. झाकण आहेच, हवा त्यातूनच जाते आहे, तर ओरडायलाही वापरलं." मग त्यांनी ट्रे पुढे ओढून चिमट्याने नर्व्ह उचलली. खाली, वळसा, पुन्हा वर. "साहेब, तुमच्या हाताखालच्या कुणी अशी केबल टाकली असती तर?"

"कारण विचारलं असतं. कामावरून लगेच काढलं नसतं."

दोघंही मला पटत होते. हाच शीण आहे माझा, कित्येक वर्षांचा. सर बोलतात तेव्हा हाडं आणि नर्व्ह त्यांच्या बाजूने साक्ष देतात. साहेब बोलतात तेव्हा मी सकाळी जोडलेले हात. पण आज दोघांच्या बोलण्यातलं एकच वाक्य घेऊन घरी आलो. यातलं एक काढा, आवाज संपला.

१६ फेब्रुवारी, रविवार

रात्रभर एक गोष्ट टोचत होती. ट्रेमध्ये जे होतं ते निसर्गाचं नव्हतं आणि देवाचंही नव्हतं. फाटा मी कापला होता, गुंता मी सोडवला होता, पिना माझ्या. दोन शहाणी माणसं दोन तास माझ्या हातच्या कामावर भांडली.

कुणाला सांगायचं हे? ही उद्या दवाखान्यात दाखल व्हायचंय म्हणून कपाटं आवरते आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

साडेआठला आत नेली. जाताना म्हणाली, "दोनच्या आत बाहेर नाही आले तर गाडी उशिरा धावतेय समजा."

पावणेदोनला आणली. झोपेतच आहे. मुलगी पायाशी बसली आहे. हात जोडले, आणखी काही सुचलं नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

हवा. नुसती हवा.

पाणी पिताना ठसका लागतो. ओठ हलतात, शब्द बाहेर येत नाही. तिने दोनदा प्रयत्न केला, मग गळ्यावर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी करीन असं.

सर्जन बाईंनी मला खोलीत बोलावलं. दार लावलं. खरं बोलल्या, त्याबद्दल त्यांचे उपकार. उजवी नर्व्ह खाली गेलीच नव्हती. वळसाच नव्हता. मानेतल्या मानेत वरूनच निघून सरळ आडवी स्वरयंत्रात शिरत होती. शंभर-दोनशे माणसांत एखाद्याची असते. "मी तिला खाली शोधत होते, मामा. जिथे असायला हवी तिथे. मधे एक आडवा धागा आला, मला बारीक रक्तवाहिनी वाटली." कापल्यावर कळलं. लगेच टाका घातला आहे. काही महिन्यांत दुसऱ्या बाजूचा पडदा सरकून थोडं भागवून घेईल. पूर्वीचा आवाज येणार नाही.

"पुस्तकात असते एक ओळ," म्हणाल्या. "डोक्याला माहीत होतं. हाताला नव्हतं. हॉलमध्ये एकदाही पाहिली नव्हती मी तशी."

मी बरं म्हणून बाहेर आलो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मी पाहिली आहे. तीनदा.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहूनच टाकतो.

पहिली उस्तादांच्या हाताखाली असताना. मी हाक मारून दाखवली, उस्ताद ही नर्व्ह सरळच गेली आहे. त्यांनी वाकून पाहिलं, "हो, असते कधीकधी," म्हणाले आणि कात्री चालवली. मग दुसऱ्या देहातला टाकाऊ धागा घेऊन धमनीखालून वळसा घालून वर शिवला. इतका बेमालूम, की मीच नंतर विसरलो कुठली खोटी. "पोरांना नियम शिकू दे. अपवाद शिकायला आयुष्य पडलंय."

दुसरी मी एकट्याने केली. तिसरीही. हात सफाईदार झाला होता, अभिमान वाटला होता.

दुसरी साधारण बारा-तेरा वर्षांपूर्वीची. बाई शिकत होत्या त्याच सुमारास. नेमकं वर्ष आठवायचा मी प्रयत्न करत नाही.

हिची नर्व्ह मात्र साहेबांच्या देवाने टाकली असती तशी होती. आखूड, सरळ, वळसा नाही, खर्च नाही. तिथे नर्व्ह नसते असं आम्ही शिकवून ठेवलं होतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सरांना सांगितलं. तिन्ही. खोटा वळसासुद्धा.

सरांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. "दुसरीच्या वेळी मीच म्हणालो होतो मामा, की परीक्षा तोंडावर आहे, बघा काहीतरी. आठवतं?"

आठवत होतं. मी तेवढं वगळून सांगितलं होतं.

मग म्हणाले, "माझं सगळं शास्त्र या फरकांवर उभं आहे. सगळे सारखेच निपजले असते तर काही बदललंच नसतं. मासा मासाच राहिला असता. आणि हॉलमध्ये मी फरक दिसू देत नाही."

मी म्हटलं, "माझं वेगळं आहे सर. मी रोज त्याच्यापुढे हात जोडतो आणि मग त्याने केलेलं दुरुस्त करतो."

सर माझ्या देवावर आज काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "वहिनींना सांगितलंत?"

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं.

बोलायची मनाई आहे म्हणून तिच्याजवळ वही असते. मी खाटेवर बसून सगळं सांगितलं, सुरुवातीपासून. मध्ये एकदाही तिने वहीकडे हात नेला नाही. संपल्यावर लिहिलं,

"किती?"

"तीन."

"म्हणजे मी चौथी."

मग वही मिटून उशीखाली ठेवली.

मुलगी दारात उभी होती, तिने ऐकलं असावं. रात्री मला पाणी देताना म्हणाली, "बाबा, सर्जन बाईंना ओळ माहीत होती ना? मग सगळं तुमच्यावर कशाला घेता?" हिशेबनीस आहे, वाटणी करून देते. पण कुणी किती हे आता मला मोजायचं नाही. एकदा तरी तशी मान बाईंच्या हाताखालून गेली असती तर त्या आडव्या धाग्यापाशी हात थबकला असता. तेवढंच म्हणायचंय माझं.

३ मार्च, सोमवार

चार दिवस झाले. वहीत सगळं येतं — दूध, वीजबिल, मुलीच्या परीक्षेची वेळ. पण ते मुलीसाठी. माझ्यासाठी वही उघडत नाही. बोलायला मनाई असलेल्या माणसाचा रुसवा कुठे संपतो आणि पथ्य कुठे सुरू होतं, कळायला मार्ग नाही.

५ मार्च, बुधवार

तिच्या कार्यालयातून पत्र आलं. बरी झाल्यावर पास खिडकीवर बसायचं. पगार तोच. तिने वाचलं, घडी घातली, डब्यात ठेवलं.

येताना बसस्थानकावरून आलो. एक नवी मुलगी बोलते आहे. स्पष्ट बोलते, चूक काढायला जागा नाही. प्रवासी आपापल्या गाडीत बसले. एकानेही मान वर करून पाहिलं नाही.

१० मार्च, सोमवार

नवा देह आला. एका म्हाताऱ्या शिंप्याचा. उजव्या हाताला एक धमनी दुहेरी निघाली. कात्री हातात होती. ठेवली. चिठ्ठी लिहून लावली — असेच होते. सरांनी येऊन चिठ्ठी वाचली, खाली सही केली. पोरांनी गर्दी केली. एकाने विचारलं, "मामा, मग बरोबर कुठलं? हे की चार्ट?" मी चिठ्ठीवर बोट ठेवलं. पोरं तासभर तिथून हलली नाहीत.

इंजिनिअर साहेबांना फोन केला. त्या फाट्याचं सांगितलं, पंधरा तारखेच्या ट्रेमधल्या. म्हटलं, तुमचा एक पुरावा मी बादलीत टाकला होता. ते म्हणाले, "एका फाट्याने मी जिंकलो नसतो हो." आणि मग, "मंडळी कशी आहे?" आवाजात इतकी माया होती की मला फोन ठेवावा लागला.

घरी सांगायला गेलो, तर ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. किंवा पडली होती.

१६ मार्च, रविवार

सकाळी टेबलावर आमच्याच विभागाचा फॉर्म. देहदानाचा. मुलीकडून मागवलेला, हिच्या अक्षरात भरलेला. 'विशेष सूचना' या जागी बहुतेक लोक रेघ मारतात. तिने लिहिलं आहे — उजवी बाजू माझ्या यजमानांनी उघडावी, हयात असल्यास. नीट करू नये. आहे तशी मुलांना दाखवावी.

खाली जवळच्या नातेवाइकाची सही लागते. मी केली. वेळ लागला.

ती समोरच उभी होती. फॉर्म माझ्या हातून घेतला आणि म्हणाली — बरीचशी हवाच, पण शब्द कळले — "घाई नाही."